चाक मोठं, की नुसती रिम मोठी?

आलेलं पत्र, थोडं कापून :

"काका, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या अलीकडच्या एका गावचा. नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत. दुसरी पाळी रात्री सुटते, म्हणून जाणं-येणं गाडीनंच. गेल्या वर्षी २०२१ सालची स्विफ्ट व्हीएक्सआय सेकंडहँड घेतली. टायर १६५/८० आर १४, साधी पत्र्याची डिस्क, वर प्लॅस्टिकची झाकणं. त्यातलं एक झाकण कुठं पडलं ते माहीत नाही. टायर आता बदलायला आलेत. कोल्हापूरच्या मेव्हण्यानं त्याच्या गाडीला १७ इंची अलॉय (ॲल्युमिनियमच्या रिम) घातलेत. गाडी नुसती उभी असली तरी पळायल्यासारखी दिसते. तिथला दुकानदार मला म्हणाला, २०५/४५ आर १७ घाला, ग्रिप वाढते, गाडी उंच होते, खड्डा कळतसुद्धा नाही. जुनं सगळं देऊन वर ६५ हजार. आमचे पप्पा म्हणतात, तेवढ्यात एक म्हैस येते. सुट्टीला चोर्ला घाटानं गोव्याला जाणं असतंच. मोठी चाकं घालण्यात अर्थ आहे काय? स्पष्ट सांगा, माझं मन राखायला जाऊ नका."

– एक वाचक, खानापूर तालुका

बाबा रे, आधी म्हशीचं मिटवू. ६५ हजारात बरी दुभती म्हैस हल्ली मिळत नाही. तेवढा एक आकडा सोडला तर तुझे पप्पा बरोबर आहेत.

दुकानदारानं तुला तीन गोष्टी सांगितल्या : ग्रिप, उंची आणि खड्डा. ग्रिपचं नंतर बघू, त्यात थोडं तथ्य आहे. बाकीच्या दोन्हींना मेकॅनिक लागत नाही, सातवीतलं गणित पुरतं. तुझ्या टायरच्या बगलेवर १६५/८० आर १४ लिहिलंय. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के उंच टायरची भिंत. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. १४ म्हणजे डिस्कचा, म्हणजे रिमचा, व्यास, इंचात. एक इंच २५.४ मिलिमीटरचा, म्हणून डिस्क झाली ३५५.६. तिच्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळव. पूर्ण चाक झालं ६१९.६ मिलिमीटर.

आता दुकानदाराचं चाक घे. २०५ चे ४५ टक्के म्हणजे सव्वा ब्याण्णव. १७ इंचाची रिम ४३१.८. दोन भिंती मिळवल्या की ६१६.३.

परत एकदा बघ. १७ इंची घालून तुझं चाक मोठं झालंच नाही, उलट सव्वातीन मिलिमीटरनं बारीक झालं. गाडी उंच होण्याऐवजी दीड मिलिमीटर खाली आली. एवढा फरक कुणाला दिसत नाही, म्हणून दुकानदार खोटं बोलला असंही मी म्हणणार नाही. बहुतेक त्यानं हे गणित कधी करूनच बघितलं नसेल. लांबून बघणाऱ्याला रिम मोठी दिसते आणि तो चाक मोठं समजतो. खरं, बाहेरचा घेर होता तेवढाच आहे. आतलं लोखंड, म्हणजे ॲल्युमिनियम, वाढलं आणि ते वाढायला जागा रबरानं दिली. भिंत १३२ वरून ९२ वर आली. चार सेंटिमीटर गेले, म्हणजे आडवी धरलेली दोन बोटं.

या दोन बोटांत काय होतं? हवा होती. तुझी गाडी, आत बसलेली पाच माणसं, डिकीतलं तांदळाचं पोतं, हे सगळं टायरचं रबर उचलत नाही. ते आत कोंडलेली हवा उचलते, रबर फक्त तिला धरून ठेवतं. चाकाला खड्डा गिळायचा असेल तर त्याला दोनच वाटा आहेत. एक तर चाक मुळात उंच हवं, म्हणजे ते खड्ड्यात पूर्ण उतरतच नाही, काठावरून काठावर जातं. नाहीतर त्यात हवा भरपूर हवी, म्हणजे धक्का हवेत जिरतो.

आपल्या शिवारातली जुनी लाकडी बैलगाडी आठव. तुझ्या पिढीनं ती रांगोळीच्या चित्रातच बघितली असेल, तर पप्पांना विचार. तिचं चाक माणसाच्या छातीला लागायचं. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि वरून लोहारानं तापवून चढवलेली लोखंडी धाव. हवेचा थेंब नाही. म्हणून ते चाक उंच करावं लागलं, नाहीतर पाणंदीतल्या चाकोरीतून गाडी निघालीच नसती. पुढं रबरी टायरची गाडी आली. तिचं चाक बघ, जवळपास निम्मं. बैल तेच, पाणंद तीच, ऊस मात्र जास्त. चाक लहान झालं तरी चाललं, कारण आत हवा आली.

तुझा दुकानदार सांगतोय त्या चाकाला उंची वाढलेली नाही आणि हवाही काढून घेतलेली आहे. दोन्ही वाटा बंद. ६५ हजार मोजून धावेच्या दिशेनं परत निघायचं, असा हा सौदा.

तू म्हणशील, काका, मग जीप? ट्रॅक्टर? त्यांची चाकं मोठीच असतात की. बरोबर आहे, आणि तिथंच सगळ्यांची गल्लत होते. जुन्या महिंद्रा जीपला ६.००-१६ चा टायर असायचा. रिम १६ इंची, म्हणजे मेव्हण्याच्या रिमपेक्षा एक इंच लहान. पूर्ण चाक मात्र जवळपास २८ इंच. वर सहा इंच आणि खाली सहा इंच नुसती भिंत. मेव्हण्याच्या टायरचं माप दुकानदारानं तुला सांगितलं तेच असेल, तर त्याचं पूर्ण चाक सव्वाचोवीस इंचाचं आहे आणि त्यात भिंत साडेतीन इंचाहून जराशीच जास्त, वर एक आणि खाली एक धरून सात-सव्वासात. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचंही तसंच. १३.६-२८ चा टायर वाफ्यातून आणि उसाच्या सरीतून जातो तो रिम २८ ची आहे म्हणून जात नाही. रबर आहे हातभर आणि हवा बारा-पंधरा पीएसआयच, म्हणून जातो. मोठं चाक कामाचं असतं, यात वाद नाही. मोठी रिम हा वेगळा विषय आहे, आणि दुकानाच्या बोर्डावर दोन्हींना एकच नाव असतं.

आता तुझा रस्ता घेऊ. कुसमळी, किणये, पिरनवाडी आणि मग उद्यमबाग. पावसाळ्यानंतर त्या रस्त्याची कडा कशी होते ते मी तुला सांगायला नको. जांभ्याचा दगड उघडा पडतो आणि खड्ड्याचा काठ गोल न राहता चाकूसारखा उभा होतो. रात्री साडेअकराला, समोरून कुणीतरी अप्पर मारत येत असताना, तू त्या काठावर चाक घालणार. घालणारच, रोजच्या रस्त्यात एकदा तरी घडतंच. तेव्हा टायर दाबला जातो आणि त्याची भिंत एका बाजूनं दगड, दुसऱ्या बाजूनं रिमची कड अशी सुपारीसारखी अडकित्त्यात सापडते. भिंत १३२ ची असली तर अडकित्ता मिटायच्या आत खड्डा संपलेला असतो. ९२ ची असली तर मिटतो. आतले धागे तुटतात, वरचं रबर तसंच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी टायरच्या बगलेला लिंबाएवढा फुगा आलेला दिसतो. त्या फुग्याला पंक्चरवाल्याकडं औषध नाही. तो टायर गेला. आणि कमी भिंतीच्या टायरची किंमत १४ च्या टायरसारखी नसते, हे तुला दुकानात कळेलच.

टायर वाचला तर रिमवर येतं. इथं तुला मी काय शिकवायचं, तू उद्यमबागेत काम करतोस. पत्रा आणि ओतकाम यातला फरक तुझ्या शॉपमधला हेल्परही सांगेल. पत्र्याची डिस्क वाकते. वाकलेली ठोकून बऱ्यापैकी सरळ होते. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमचं कास्टिंग. चांगलं असलं तर थोडं वाकतं, आत सच्छिद्र असलं तर तडकतं, आणि तडा आतल्या कडेला गेला तर दिसतही नाही. सकाळी एकच चाक बसलेलं असतं आणि पंक्चर काही सापडत नाही. वेल्डिंग करून देणारे आहेत, खरं वेल्ड केलेल्या रिमवर मी चोर्ला उतरणार नाही. ज्यानं आयुष्यभर कास्टिंग रिजेक्ट झालेली बघितलीत त्यानं तर मुळीच उतरू नये.

आता ग्रिप. यात दुकानदाराचं थोडं ऐकायला हवं. रुंद टायर आणि आखूड भिंत यांमुळं कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर गाडी वळणात डुलत नाही, स्टिअरिंग फिरवलं की लगेच ऐकते. तुझा मेव्हणा कागल, निपाणी, संकेश्वर असा हायवेनं येतो. चार-सहा पदरी रस्त्यावर त्याला ती गाडी छान वाटते आणि ती छान असणारच. तो काही मूर्ख नाही. त्याचा रस्ता वेगळा आहे.

तुझ्या रस्त्यावर चार महिने पाणी असतं. लोक समजतात, टायर रुंद म्हणजे जमिनीला टेकणारा भाग मोठा. तसं सरळ नसतं. टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ मुख्यतः गाडीचं वजन आणि टायरमधली हवा ठरवते. दोन्ही तीच राहिली तर क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं, फक्त आकार बदलतो. अरुंद टायरचा ठसा लांबट, होडीसारखा. रुंद टायरचा आखूड आणि आडवा, परातीसारखा. पाण्यात होडी घुसते, परात तरंगते. रुंद टायरखालच्या पाण्याला बाजूला पळायला जास्त अंतर असतं, ते वेळेत पळालं नाही तर टायर पाण्यावर चढतो आणि त्या क्षणी स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेक नावापुरता राहतो. मलप्रभेचा उगम चोर्ल्याच्या वाटेवरच्या कणकुंबीला आहे, आणि जुलैत तिथून गाडी नेली की नदी त्याच गावात का जन्मली ते न सांगता कळतं. त्या रस्त्यावर १६५ चा टायर ही कमतरता समजू नकोस. आपल्याकडं ज्यांची काळ्या मातीत शेतं आहेत त्यांनाही विचार, चिखलात अरुंद चाक खाली जाऊन धरतं आणि रुंद चाक वरच्यावर घसरतं.

एक आकडा मला फार गमतीचा वाटतो. टायरवर मापानंतर अजून एक अंक आणि अक्षर असतं, ८५ टी वगैरे. तो अंक म्हणजे वजन उचलायची ताकद. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो. २०५/४५ आर १७ चा साधा टायर ८४ चा येतो, म्हणजे ५०० किलो. दिसायला पैलवान, आणि ओझं तुझ्या आत्ताच्या किडकिडीत टायरपेक्षा १५ किलो कमी! जास्त ताकदीचा ८८ चा एक्सएल प्रकार मिळतो, ५६० किलोचा, खरं ती ताकद मिळवायला त्यात हवा जास्त ठेवावी लागते. आधीच हवा थोडी, त्यात ती कडक. पप्पांना मागच्या सीटवर बसवून एकदा गावातल्या स्पीडब्रेकरवरून ने. म्हशीचा विषय ते परत काढतील.

हे सगळं मी पुस्तकातून सांगतोय असं वाटत असेल, तर माझीच एक सांगतो. १९९८ साली माझ्याकडं मारुती ८०० होती. १२ इंची चाकं, खेळण्यासारखी. मलाही तेव्हा तुझ्यासारखीच खाज होती. एका दुकानातून, नाव घेत नाही, १३ इंची डिस्क आणि रुंद टायर बसवून आणले. बेळगावात आठ दिवस मिरवली. मग सावंतवाडीला एका लग्नाला निघालो, मी, बायको, दोन पोरं आणि सासूबाई. शिनोळी, चंदगड फाट्यापर्यंत सगळं ठीक. आंबोलीचा घाट उतरायला लागलो आणि प्रत्येक डाव्या वळणाला कुठंतरी खर्र आवाज, मग वास. सासूबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "जावईबापू, काय तरी जळूलालंय." जळत होता माझा टायर. गाडी भरल्यावर मागून खाली बसली होती आणि टायर मडगार्डच्या आतल्या कडेला घासत होता. सावंतवाडीत पोचेपर्यंत टायरच्या खांद्यावर बोटभर खोल चर पडला होता. स्टिअरिंग इतकं जड की पार्किंग करताना बायको बाहेर उतरून बंपर ढकलायला तयार. मायलेजचं तर विचारूच नको. परत आल्यावर जुनी १२ इंची चाकं शोधायला गेलो, तर दुकानदारानं ती विकलेली. ती मी दुसरीकडून, दिली त्याच्या दुप्पट किमतीत घेतली.

त्या वेळी मला एक शब्द कुणी सांगितला नव्हता : ऑफसेट. रिमच्या आतल्या बाजूला ईटी असं लिहून पुढं आकडा असतो. चाक हबवर, म्हणजे गाडीच्या तुंब्यावर, बसल्यावर किती आत किंवा बाहेर राहणार ते तो ठरवतो. चुकीचा ऑफसेट असला की चाक मडगार्डच्या बाहेर डोकावतं, बेअरिंगवर वाकडा भार येतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देतं आणि चिखल दरवाज्याच्या हँडलपर्यंत उडतो. शिवाय नट ज्या गोलावर बसतात त्याचा व्यास, म्हणजे पीसीडी, तुझ्या गाडीला चार बाय शंभर, चार नट आणि शंभर मिलिमीटर. आणि मधलं भोक हबवर नेमकं बसायला हवं. ते सैल असलं तर गाडी ऐंशीच्या पुढं थरथरते आणि माणूस बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतो. बाजारातली रिम अनेक गाड्यांना चालावी म्हणून भोक मुद्दाम मोठं ठेवतात आणि मधे कडी घालतात. ती कडी द्यायला विसरणारे मी बघितलेत.

वजनाचंही तसंच. मोठी अलॉय हलकी असते हा समज सरसकट खरा नाही, स्वस्तातली १७ इंची रिम बऱ्याचदा तुझ्या पत्र्याच्या डिस्कपेक्षा जड भरते. आणि ते वजन कडेला असतं. दोरीला बादली बांधून फिरवून बघ, दोर लांब सोडला की हात किती भरून येतो. इंजिनाचं तेच होतं प्रत्येक चढाला, आणि ब्रेकचं तेच होतं प्रत्येक उताराला. चोर्ल्यात दोन्ही भरपूर आहे.

पोलिसांचं म्हणशील तर आपली गंमत वेगळीच. सकाळी गाडी कर्नाटकात, दुपारी चंदगडला म्हणजे महाराष्ट्रात, संध्याकाळी साखळीला म्हणजे गोव्यात. सीमेचा वाद आपल्या जन्माआधीपासून चाललाय, खरं मोटार वाहन कायदा तिन्हीकडं एकच, १९८८ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणं गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. टायरसाठी रोज कुणी अडवत नाही, हे तुलाही माहीत आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस मात्र फोटो काढायला चाकापासूनच सुरुवात करतो.

मग काय कर? तुझ्या मनाचं पूर्ण मोडणारं मी काही सांगत नाही. स्विफ्टच्याच वरच्या मॉडेलला कंपनी १८५/६५ आर १५ देते. आता तू स्वतः गणित कर. १८५ चे ६५ टक्के १२०.२५, त्याच्या दुप्पट २४०.५, अधिक ३८१. झाले ६२१.५. तुझ्या आत्ताच्या चाकापेक्षा फक्त दोन मिलिमीटर मोठं, त्यामुळं स्पीडोमीटर, एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा), सगळं जाग्यावर. भिंत १२ मिलिमीटरनं कमी, ती चालते. रुंदी २० मिलिमीटर जास्त. टायर ८८ चा मिळतो, म्हणजे ५६० किलो, तेही नेहमीच्या हवेत. आणि रिम कंपनीनं याच गाडीसाठी केलेली, त्यामुळं ऑफसेट, भोक, मडगार्ड, कशाचीच काळजी नाही. वरच्या मॉडेलवाले हौशी लोक नव्या गाडीची १५ इंची अलॉय काढून १७ घालतात, मेव्हण्यासारखे. त्यांनी काढलेला सेट बेळगावात, कोल्हापुरात विकायला येतो. त्यांची हौस म्हणजे तुझी स्वस्ताई. घेताना रिम जमिनीवर उभी करून फिरव, बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवून आतली कड बघ, वेल्डिंगचा डाग दिसला तर घरी ये.

काही जण उंचीसाठी १९५/६५ आर १५ सुचवतील. चाक पंधरा मिलिमीटर मोठं होतं, खरं गाडी त्याच्या निम्मीच उचलते, साडेसात. मागं दोन माणसं बसली की त्याहून जास्त खाली जाते. वर स्पीडोमीटर शंभर दाखवेल तेव्हा आधीपेक्षा अडीच टक्के जास्त पळत असशील, घाटात गिअर एक खाली लागेल, आणि किलोमीटर कमी मोजल्यामुळं मायलेज पडल्यासारखं वाटेल. साडेसात मिलिमीटरसाठी एवढं नको.

कंपन्या स्वतः मोठी रिम देतात ते का, असंही तू विचारशील. इनोव्हा क्रिस्टाचं बघ. खालच्या मॉडेलला २०५/६५ आर १६, वरच्याला २१५/५५ आर १७. पूर्ण चाक एकाचं ६७३, दुसऱ्याचं ६६८. घेर जवळपास तोच ठेवून रिम वाढवलीय, आणि इतकं करूनही भिंत ११८ मिलिमीटर शिल्लक ठेवलीय. दिसायला रुबाब येतो, मोठ्या ब्रेकला जागा मिळते. गाडी मोठी असल्यामुळं त्यांना ते परवडतं. लहान गाडीत तीच ऐट करायची तर सगळं भिंतीतून कापावं लागतं. आपल्या भागासाठी मी एक अडाणी नियम ठेवलाय : भिंत ११० मिलिमीटरच्या खाली नको. हा कुठल्या पुस्तकात नाही, किती टायर फुगलेले बघितले त्यावरून आलाय.

१५ चा सेट जमला नाही तर १४ वरच चांगल्या कंपनीचे चार नवे टायर घाल. टायरवर आयएसआयचा शिक्का बघ आणि चार आकड्यांची तारीख बघ. ३२२४ लिहिलं असेल तर २०२४ मधला ३२ वा आठवडा. दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला माल 'ऑफर' म्हणून गळ्यात मारतात. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच, सकाळी टायर थंड असताना. पंपावरचा पोरगा सगळ्यांना ३५ भरतो, त्याला आकडा सांगायचा. कायद्यानं नक्षी १.६ मिलिमीटर उरेपर्यंत चालते, कणकुंबीच्या पावसात तीन उरली की मी बदलतो. उरलेल्या पैशात पुढचे शॉकॲब (शॉक ॲब्सॉर्बर) आणि सस्पेन्शनचे रबरी बुश बघून घे. सेकंडहँड गाडीत खड्डा जास्त लागतो तो बहुतेक वेळा तिथून.

मेव्हण्याला हे पत्र दाखवू नकोस, नात्यात उगाच तेढ. त्याला एवढंच विचार की स्टेपनी कितीची आहे. १७ वाल्यांच्या डिकीत बहुधा जुनीच १४ ची पडलेली असते, आणि १७ च्या रिमचे नट त्या डिस्कला बसतात का हे कुणी घरी असताना बघत नाही, रात्री बाराला हायवेवरच्या वंटमुरीच्या घाटात बघतात. तू १५ वर गेलास तर तुझी १४ ची स्टेपनी दोन मिलिमीटरच्या फरकानं चालून जाते, पंक्चरवाल्यापर्यंत सावकाश नेता येते. तेवढी तिच्यातली हवा आजच बघ. गाडी घेतल्यापासून बघितली नसशील.